कुणाची पट्टी

तिसरं कडवं सुरू झालं आणि मास्तरांनी पुस्तक मिटलं.

जानेवारीतला पहिला रविवार, चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, प्रभूची भाकर वाटून घेण्याचा. फरशी इतकी गार होती की दाराशी चपला काढून आत आलं की तळवे आखडत होते. नाताळची चांदणी अजून व्यासपीठावरच्या कमानीला टांगलेली होती, एका कोपऱ्यात उसवलेली. बायका शालीत, पुरुष मफलरीत, मधूनच कुणाचा तरी खोकला. मी पेटीवर होते, डावीकडे कीबोर्डवर तरुण संघातला मुलगा, मागं तबला. गाणं जुनं, पाच कडव्यांचं, अभंगाच्या वळणाचं, निम्म्या मंडळीला लहानपणापासून पाठ असलेलं. मास्तर नेहमीच्या जागी होते, उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला. त्यांच्या पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर असतं, शाळेच्या वह्यांना घालतात तसं, दर जूनला नवं. त्यांनी ते दोन्ही हातांनी मिटलं, समोरच्या फळीवर ठेवलं, त्यावर तळहात टेकवला आणि उरलेलं गाणं तसेच उभे राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. जेवण झालं की माणूस ताट पुढं सारतो, तितक्या शांतपणे.

मी गात राहिले. आमच्याकडे याला ‘गाणी घेणं’ म्हणतात, आणि गाणी घेणाऱ्याला मध्येच थांबता येत नाही. तो थांबला की दीडशे माणसं अडखळतात. पण पुस्तक मिटल्याचा तो आवाज, जो तबल्यात आणि कीबोर्डात मला ऐकू येणं शक्यच नव्हतं, तो पुढं आठवडाभर माझ्या कानात राहिला.

उपासना संपल्यावर दारात सगळे एकमेकांना सलाम करत होते. मास्तरही आले. “सलाम, बाळ. थंडी फार पडलीय, गळा सांभाळ.” एवढंच बोलले आणि सायकल हातात धरून चालत गेटाबाहेर पडले. हल्ली ते सायकलवर बसत नाहीत, नुसती सोबत नेतात.

घरी आले. रविवारचं मटण शिजत होतं, शिट्ट्या होत होत्या, आणि मी कांदा चिरता चिरता कारणं शोधत होते. भिंतीवर शब्द दाखवायला आम्ही प्रोजेक्टर लावला, ते त्यांना आवडलं नसेल. मी लय थोडी चढी ठेवते, ते असेल. कीबोर्डवरचा मुलगा दोन ओळींच्या मध्ये जे सूर भरतो, त्यानं जुन्या माणसांना चुकल्यासारखं होत असेल. किंवा छातीत दुखत असेल, ऐंशी पार झालेत. हे शेवटचं मनात आलं तेव्हा लाज वाटली, कारण ते सगळ्यात शेवटी आलं होतं. काळजीच्या आधी मला राग आला होता. तीन वर्षं दर शनिवारी दोन तास तालीम घेते, शाळेतून आल्यावर चहाही न घेता पेटीवर बसते, आणि कुणीतरी माझ्यासमोर पुस्तक मिटतं. तो राग खरा होता, म्हणून लिहून ठेवते.

सोमवारपासून प्रार्थना सप्ताह सुरू झाला. नव्या वर्षाचा पहिला आठवडा, रोज संध्याकाळी एकेका घरी. लहानपणी मला वाटायचं हा आपल्याच मंडळीचा रिवाज. मोठेपणी पपांनी सांगितलं की ही हाक आपल्याच देशातून गेली. १८५८ साली लुधियान्याच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या लोकांनी जगभरच्या मंडळ्यांना पत्रं पाठवली, आणि १८६० च्या जानेवारीत पहिला सप्ताह पाळला गेला. पुढं त्याच प्रेस्बिटेरियनांचं मिशन आमच्या कोल्हापूर-सांगली-मिरजेकडं आलं. पंजाबातल्या थंडीत कुणी तरी ठरवलेली गोष्ट सांगलीतल्या दोन खोल्यांच्या घरात सतरंजीवर बसून अजून चालू आहे, याचं मला दर वर्षी नव्यानं नवल वाटतं.

सप्ताहात कीबोर्ड नसतो. फक्त पेटी. सोलापुरी चादरीत गुंडाळून गाडीच्या पायापाशी ठेवायची, दोन्ही पोटऱ्यांनी दाबून धरायची आणि हळू चालवायची. सोमवारी विश्रामबागेत, मंगळवारी सांगलीवाडीत. आयर्विन पुलावरून जाताना नदीवरून असा गारठा आला की हँडलवरची बोटं कळेनात. पलीकडं उसानं भरलेले ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागं धुराळा आणि रस्त्यावर पडलेल्या कांड्या. कुठून तरी गुऱ्हाळाचा वास येत होता, उकळत्या रसाचा, गोड आणि जरासा जळका. त्या घरी वीस माणसं होती. प्रार्थनेनंतर चहा, नाताळच्या उरलेल्या करंज्या आणि भडंग. गाणी मी नेहमीसारखीच घेतली, फक्त या वेळी डोळे उघडे ठेवून. एरवी मी डोळे मिटून गाते. लोक म्हणतात, तुझं गाणं ऐकलं की प्रार्थनेत असल्यासारखं वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

मंगळवारी डोळे उघडे होते म्हणून दिसलं. बायका गात होत्या. पुरुषांचे ओठ हलत होते.

पेटीतला एक सूर थंडीत उशिरा बोलायला लागला होता. मधल्या सप्तकातला पंचम. पट्टी दाबली की क्षणभर नुसती हवा, मग सूर. म्हणून बुधवारी शाळा सुटल्यावर आधी मिरजेला गेले. सतारमेकरांच्या गल्लीत शिरलं की दुपारच्या वेळी एक विशिष्ट वास येतो: लाखेचा, लाकडाच्या भुश्श्याचा, आणि वाळलेल्या भोपळ्यांचा. भोपळे पंढरपूरकडून येतात, छताला आणि भिंतींना टांगलेले असतात, कुणाचा तंबोरा होईल कुणाची सतार. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातमीचं कात्रण एका दुकानात काचेखाली लावलेलं आहे. पेटीवाल्यांनी झाकण काढलं, पितळेचा सूर उपसून बाहेर घेतला, पात्याखाली अडकलेली धूळ फुंकली, आणि ब्लेडनं टोकाशी एक-दोनदा हलकेच खरवडलं. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. परत बसवून ऐकलं, पुन्हा काढलं, पुन्हा खरवडलं. हे काम बघत बसायला मला फार आवडतं. पपा मला घेऊन यायचे तेव्हा मी स्टुलावर बसून हेच बघायचे.

पपा दवाखान्यात लॅबमध्ये नोकरीला होते आणि मंडळीत पेटीवर. गाण्याचा कान त्यांना मिरजेनं दिला. दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं होतं. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथंच दर्ग्याच्या आवारात आहे. पपा मला न्यायचे आणि मी त्यांच्या शालीवर झोपून जायचे. जाग यायची ती तंबोरे जुळवताना. ते म्हणायचे, गाणं ऐकू नको बाळ, हे ऐक. एक तार दुसरीची वाट बघते, ते ऐक. मला तेव्हा काही ऐकू यायचं नाही, फक्त थंडी वाजायची. दुसऱ्या दिवशी रविवार असला तर पपा रात्रभर जागून तसेच चर्चला येऊन पेटीवर बसायचे. दर्ग्यातून देवळात कसं काय, असं त्यांना आमच्यातल्या एका म्हाताऱ्या पंचानं एकदा विचारलं होतं. पपा म्हणाले होते, सूर शिकायला गेलो होतो, प्रभूसाठीच.

पेटी घेऊन तशीच वानलेसवाडीला गेले. त्या दिवशीचं घर निवृत्त नर्स असलेल्या मावशींचं. डॉ. वानलेसांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला, आणि तेव्हापासून किती घरांतल्या मुली पांढरा गणवेश घालून उभ्या राहिल्या याची मोजदाद कुणी केली नसेल. आमच्या मंडळीतल्या दर दुसऱ्या घरात एक सिस्टर आहे. मावशी सांगत होत्या की नाताळच्या आदल्या रात्री, तीन-साडेतीनला, त्या सगळ्या हातात मेणबत्त्या घेऊन वॉर्डावॉर्डांतून गात जायच्या. दिवे मालवलेले. पेशंट अंथरुणातून बघायचे. “मोठ्यानं गायचं नसायचं गं. नुकतं ऑपरेशन झालेलं माणूस असायचं, कुणाची शेवटची रात्र असायची. मेट्रन म्हणायची, जो सगळ्यात आजारी आहे त्याला झेपेल एवढंच गा.” मग त्यांनी ते गाणं म्हणून दाखवलं, बसक्या, हवेनं भरलेल्या आवाजात. मी पेटीवर त्यांचा सूर शोधला. तो काळी एक आणि तिच्या शेजारची पांढरी दोन या पट्ट्यांच्या मध्ये कुठं तरी होता. पेटीला तो वाजवता येत नव्हता. मी पेटी बंद केली आणि आम्ही सगळ्यांनी तसंच म्हटलं.

हे लिहिताना कळतंय की उत्तर त्याच रात्री माझ्यासमोर होतं. पण मी ते घेतलं नाही. गारठ्यात गाडी चालवत घरी आले आणि मावशींचं गाणं किती गोड होतं एवढंच घरच्यांना सांगितलं.

गुरुवारी मास्तरांचं घर. नदीकडच्या भागात, जुनं, दोन पायऱ्या उतरून आत जायचं. बाहेरच्या खोलीत भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर एक पिवळट रेघ आहे, २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराची. तीन वेळा चुना मारला तरी ती आतून वर येते. त्या पुरात त्यांचं गीतांचं पुस्तक भिजलं होतं. पाणी उतरल्यावर त्यांनी पानन् पान सोडवून दोरीवर वाळवलं, म्हणून ते आता फुगून दुप्पट जाड झालंय. पुस्तक मिटलं की त्यातून हवा बाहेर पडते. मला रविवारी ऐकू आलेला आवाज कदाचित खराच होता.

त्या रात्री कमी माणसं आली, थंडीमुळं. मास्तरांनी स्तोत्र ७१ वाचलं, म्हाताऱ्या माणसाचं स्तोत्र, केस पांढरे झाले तरी टाकून देऊ नको म्हणणारं. त्यांचा वाचायचा आवाज अजून वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा आहे. चहा झाला, लोक उठले, मी चादरीच्या गाठी मारत बसले होते. विचारायचं नाही असं ठरवून आले होते आणि विचारलं.

“मास्तर, रविवारी तिसऱ्या कडव्याला तुम्ही पुस्तक मिटलंत.”

ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. त्यांना वाटलं नसावं की कुणी पाहिलंय.

“उंच होतं गं,” ते म्हणाले. “धृपद कसंबसं जमतं. कडवं वर गेलं की माझा आवाज संपतो. दोन-तीन वर्षं ओठ हलवत उभा राहतो. परवा मनात आलं, प्रभूची भाकर हातात घ्यायचीय आता, आणि त्याच्यासमोर हे खोटे ओठ कशाला? म्हणून मिटलं. तुला वाईट वाटलं का?”

मी नाही म्हणाले. मग हो म्हणाले.

“तुझ्यासाठी नव्हतं ते,” मास्तर म्हणाले, आणि पेटीचं एक टोक धरायला खाली वाकले. मी धरू दिलं नाही.

गाण्याची पट्टी म्हणजे ज्या सुराला षड्ज धरून गायचं तो. पपांची पट्टी काळी एक. माझी काळी चार, बरीच वरची. पुरुष आणि बाई यांच्या गळ्यात एवढं अंतर असतंच, त्यात कुणाचा दोष नाही. पपा गेल्यावर पंचांनी मला गाणी घ्यायला सांगितलं, तेव्हा मी पहिल्याच शनिवारी सगळी गाणी माझ्या पट्टीत आणली. कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. गाणं जसं माझ्या गळ्यातून सहज निघतं तसंच सगळ्यांच्या निघत असणार, असं मी धरून चालले. स्पीकरचं तोंड मंडळीकडं, आणि मला माझाच आवाज ऐकू यावा म्हणून एक छोटा स्पीकर माझ्याकडं वळवलेला. तीन वर्षं मी फक्त मला ऐकत होते.

घरी येऊन पपांचं पुस्तक काढलं. ते मी वापरत नाही, कपाटात पवित्र शास्त्राशेजारी ठेवलंय. ते रविवारचं गाणं उघडलं. गाण्याच्या क्रमांकाशेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘का. ३’ लिहिलेलं, पुढं ‘८१’, आणि ते खोडलेलं. त्याखाली ‘का. २’, ‘९४’, तेही खोडलेलं. त्याखाली ‘का. १’, ‘२००६’. मी पानं उलटत गेले. बहुतेक जुन्या गाण्यांशेजारी हीच उतरंड. आधी वाटलं, पपांचं वय होत गेलं तसा आवाज उतरत गेला. पण तसं नव्हतं. माझ्या लग्नात ते काळी दोनमध्ये गायले होते, पूर्ण ताकदीनं, आणि ते २००६ च्या बरंच नंतरचं आहे. मग कुणासाठी उतरवलं? १९९४ साली तिसऱ्या बाकावर कोण उभं होतं? त्या पेन्सिलीच्या खुणांत नाव नाही. पपा गाणं सुरू करण्याआधी पहिली ओळ नुसती वाजवायचे, स्वतः न गाता, आणि मंडळीकडं बघत थांबायचे. मला वाटायचं ते शब्द आठवतायत.

इथं गोष्ट संपायला हवी होती, पण शुक्रवारी ती उलट्या अंगानं माझ्यावर आली. शुक्रवारचं वाचन हन्नाचं. मूल नाही म्हणून शिलोला मंदिरात प्रार्थना करणारी हन्ना. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि एली याजकाला वाटलं ही प्यायलेली आहे. पाळकसाहेबांनी त्यावर थोडंच सांगितलं, पण मी ऐकत नव्हते. मी त्या दोन ओठांचा विचार करत होते. हन्नाचे ओठ बिनआवाजाचे आणि खरे. मास्तरांना स्वतःचे ओठ बिनआवाजाचे म्हणून खोटे वाटले. मला दोन्ही ओळखता आले नसते. एली निदान बघत तरी होता.

शनिवारी तालमीला मी सांगितलं की उद्या जुनी गाणी खाली घेऊ, काळी दोनमध्ये. कीबोर्डवरचा मुलगा म्हणाला, “ताई, त्यात काय, ट्रान्सपोजचं बटण दाबलं की झालं.” खरंच त्याच्यासाठी एक बटण. पण गायनमंडळातल्या बायका गप्प झाल्या. मग महिला मंडळाच्या एक मावशी बोलल्या. त्या बोलल्या त्याचा विचार मी केलाच नव्हता.

“तुझ्या वडलांच्या वेळी आम्हाला गाताच यायचं नाही, माहितीये? खाली गेलं की घशात काही उरायचं नाही, आणि वरच्या सप्तकात म्हणावं तर मांजर ओरडल्यासारखं. चाळीस वर्षं आम्ही ओठच हलवले. तू आलीस आणि पहिल्यांदा मोकळं गायला मिळालं. आता पुन्हा पुरुषांसाठी खाली यायचं?”

कुणी काही बोललं नाही. बाहेर चर्चच्या आवारात कुणी तरी पालापाचोळा पेटवला होता, त्याचा धूर खिडकीतून येत होता. मला मावशींचा राग आला नाही, उलट पोटात काही तरी हललं. म्हणजे पपांनीही सगळ्यांना ऐकलं नव्हतं. ज्यांनी पेन्सिलीनं दोन दोन वेळा पट्टी उतरवली, त्यांनाही बायकांचे हलणारे ओठ दिसले नाहीत, किंवा दिसले आणि त्यांना ती भक्ती वाटली. माझ्या आईचेही असणार त्यात. आई दर रविवारी डाव्या बाजूला चौथ्या बाकावर उभी राहायची. तिचा आवाज कसा होता हे मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं. स्वयंपाकघरात ती काही तरी गुणगुणायची, पण चर्चमध्ये नाही.

मला जुन्या मिशनरी काळातली गाणी आठवली, पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द ओढून बसवलेली. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, श्वास घ्यायला जागा नाही. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, ओवी मंडळीच्या तोंडी दिली, म्हणून आपल्या आज्यांना आपल्या जिभेला बसेल असं गाता आलं. मी मुलांना शिकवताना हे नेहमी सांगते, अभिमानानं. पण शब्द जिभेला बसले तरी सूर गळ्याला बसायचा राहिलाच होता, निम्म्या मंडळीच्या. हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी स्वतः बाई असून मला सुचलं नव्हतं.

त्या रात्री बराच वेळ पेटीवर बसले. घरचे झोपले होते म्हणून भाता अगदी हळू. तेच गाणं काळी चारमध्ये, पांढरी चारमध्ये, काळी दोनमध्ये, काळी एकमध्ये. काळी चारमध्ये मी पूर्ण असते. पांढरी चारला खालचा षड्ज जड होतो, पण पोचतो. काळी दोनला धृपदाची पहिली ओळ माझ्याकडून जवळजवळ निघून जाते, नुसता श्वास आणि शब्दांचा आकार उरतो. कडव्यात वर गेले की मग मी परत सापडते. मधली अशी एकही पट्टी नाही जिथं सगळे असतील. मी तीन-तीनदा शोधून पाहिली. मिरजेहून नीट होऊन आलेला पंचम आता पटकन बोलत होता, थंडी असून.

रविवारी धुकं होतं. साडेआठलाही सूर्य नुसता पांढरा ठिपका. पहिलं गाणं काळी चारमध्येच घेतलं, नवं गाणं, तरुणांचं. दुसरं ते जुनं. माझ्याकडं वळवलेला छोटा स्पीकर मी मुलाला बंद करायला सांगितला. पहिली ओळ फक्त वाजवली, काळी दोनमध्ये, आणि थांबले.

मग सुरू केलं. धृपदाला माझा आवाज गेला. ठाऊक होतं जाणार, तरी भीती वाटली. गाणी घेणारीचाच आवाज नाही म्हटल्यावर सगळं कोसळेल असं वाटलं. त्या जागेत उजवीकडून काही तरी आलं. एकदम नाही. आधी एक-दोन जाड, न वापरलेले आवाज, सूर चुकवत, एकमेकांच्या मागं. मग भिंतीच्या कडेचे सगळे. असा आवाज मी त्या इमारतीत तीन वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो लहानपणी दर रविवारी ऐकला होता. डोळे भरून आले म्हणून मला पट्ट्या नीट दिसेनात. हातांना वाट माहीत होती.

तिसऱ्या कडव्याला मी तिसऱ्या बाकाकडं पाहिलं. खाकी कव्हरचं पुस्तक फळीवर होतं, मिटलेलं. ते उघडायची गरजच नव्हती. मास्तर समोर बघत गात होते, मान थोडी वर, मुलांना पाढे म्हणायला लावताना मास्तर उभे राहतात तसे.

आणि डावीकडं बायका होत्या. काही वरच्या सप्तकात गेल्या, बारीक, ताणलेल्या आवाजात. काहींचे ओठ हलत होते.

उपासना संपल्यावर मावशी दारात आल्या. सलाम केला. त्यांच्या हातात घरून आणलेला तिळाच्या लाडवांचा डबा होता, संक्रांतीच्या आधीच केलेले. एक माझ्या हातावर ठेवला.

“पुरुष छान गायले,” त्या म्हणाल्या. “पुढच्या रविवारी आमची पट्टी.”

“हो,” म्हटलं. “आणि धृपद झालं की मी थांबेन. कडवं तुम्ही म्हणा.”